खेळ संपल्यावरचं गणित

पाथरीचं नाव आता बहुतेकांच्या कानावर येतं ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या चर्चेमुळे. परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाची आणखी एक जुनी ओळख आहे. ती सांगताना मला नेहमी उमाळा येतो, आणि ती इतकी कमी सांगितली जाते याचं वाईटही वाटतं. सोळाव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथांत गोदावरीकाठचं 'पार्थपूर' हे गाव येतं. अभ्यासकांच्या मते तीच आजची पाथरी. इथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'नंतर साडेतीनशे वर्षांनी त्या तोडीचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं, ते या गावात. ज्ञानराजाला दोन मुलगे होते, चिंतामणी आणि सूर्यदास. चिंतामणीने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदास भास्कराचार्यांकडे वळला. १५३८ मध्ये त्याने 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' लिहिला आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका'.

याच सूर्यदासाचं 'रामकृष्णविलोमकाव्य' नावाचं एक छोटं काव्य आहे. सरळ वाचलं की रामाची कथा, तीच अक्षरं उलट्या क्रमाने वाचली की कृष्णाची. लीलावती समजावून सांगणारा माणूस अक्षरांशी असा खेळत बसत होता. खेळ आणि गणित यांत तेव्हाही फार अंतर नव्हतं, हे कळायला एवढा एक माणूस पुरे आहे.

मुळात 'लीलावती' हाच खेळकर ग्रंथ आहे. ११५० मधला हा ग्रंथ उदाहरणं देताना भुंगे, मोर, साप, माकडं, कमळं यांना बोलावतो. त्यातलं भुंग्यांचं उदाहरण मी आपल्या शब्दांत सांगतो. एका थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्या एका फुलावर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने भुलून मधेच घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती? बीजगणित यायच्या आधीही हे सुटतं. मूठभर चिंचोके घ्यायचे. थव्याचे पाच सारखे आणि तीन सारखे वाटे पडले पाहिजेत, म्हणजे संख्या पंधरा, तीस, पंचेचाळीस अशीच असणार. तीस घेतले तर सहा, दहा आणि बारा गेले, उरले दोन. पंधरा घेतले तर तीन, पाच आणि सहा गेले, उरला एक. पाचवीतलं लेकरू हे जमिनीवर मांडून काढू शकतं. पण त्याने पंधरा म्हटल्यावर कुणीतरी विचारलं पाहिजे, "तेवीस का नाही घेतलेस? वीस का नाही?" तो प्रश्न विचारणं हेच टीकाकाराचं काम. मूळ ग्रंथ श्लोकात कोडं घालतो, सूत्र देतो. टीकाकार ते पदर सोडवून दाखवतो, कुठून काय आलं ते सांगतो. योगायोग असा की सूर्यदासानंतर चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' लिहिली. एकाच दशकात मराठी मुलखात दोन माणसं एका खेळकर पुस्तकाचा उलगडा करत बसली होती.

आजच्या शाळेत खेळ पुष्कळ आले आहेत. मला कमी दिसतो तो हा उलगडा करणारा.

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही बाजूला गेलं तरी जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ओट्यावर रंगवलेली सापशिडी आणि शंभरापर्यंतच्या आकड्यांचा तक्ता दिसतो. हे बरंचसं २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर घडलं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, ज्ञानरचनावाद हा शब्द शिक्षकांच्या खोलीत रुळला, आणि वर्गातल्या फरश्या बोलू लागल्या. पाठोपाठ गणिताची पेटी आली. तिच्यात दहा-दहा मण्यांनी रंग बदलणारी शंभर मण्यांची गणितमाळ, एकक-दशकाचं साहित्य, खेळातल्या नोटा, फासे. या साहित्यामागे दिल्लीच्या 'जोडो ज्ञान' या संस्थेचं मोठं काम आहे. मुंबईच्या 'नवनिर्मिती'ने विवेक माँटेरो आणि गीता महाशब्दे यांच्या पुढाकाराने त्याही आधीपासून प्रत्येक मुलाच्या हातात साहित्य असलं पाहिजे असा आग्रह धरला होता. आणखी मागे गेलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची बोर्डी-कोसबाडची बालवाडी आहे. तिथे शंख-शिंपले, बिया आणि खडे हेच शिकण्याचं साहित्य होतं. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही.

तरीही गणित अडलेलंच आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ही 'असर' सर्वेक्षणातली साधी कसोटी. ग्रामीण महाराष्ट्रातल्या पाचवीच्या मुलांपैकी ती २०१८ मध्ये जेमतेम तीस टक्के मुलांना जमली. करोनानंतर, २०२२ मध्ये, ते प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे पाच लेकरांतल्या चौघांना भागाकार येत नव्हता. फरशीवर सापशिडी असूनही येत नव्हता.

याचं एक कारण मला त्या सापशिडीतच दिसतं. मूल सत्तावीसवर आहे, फाशावर चार पडले. ते सोंगटी उचलतं आणि मोजतं, "एक, दोन, तीन, चार." एकतीसच्या घरात जाऊन बसतं. साप नाही, शिडी नाही, पुढच्याची पाळी. या सगळ्यात मुलाने सत्तावीसही म्हटलं नाही आणि एकतीसही म्हटलं नाही. त्याने चारपर्यंत मोजलं, आणि ते त्याला बालवाडीपासून येतं. आता तेच मूल "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस" असं म्हणत गेलं तर? खेळ तोच, वेळ तेवढाच, पण दशक ओलांडणं तोंडातून जातं. अमेरिकेत एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिग्लर यांनी नेमका हाच फरक तपासला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. शंभर घरांचा पट, बालवर्गातली मुलं. घरातला आकडा म्हणत पुढे जाणारी मुलं शिकली. प्रत्येक वेळी एकपासून मोजणाऱ्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. त्याआधी सिग्लर आणि गीता रमणी यांनी दाखवलं होतं की एका ओळीत आकडे असलेल्या पटावर पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव खेळूनही गरीब घरातल्या लहान मुलांची संख्येची समज सुधारते. त्याच पटावर आकड्यांऐवजी रंग असले तर सुधारत नाही.

सापशिडीच्या पटाची आणखी एक अडचण आहे. तो नागमोडी जातो. एक ते दहा डावीकडून उजवीकडे, अकरा ते वीस उजवीकडून डावीकडे. त्यामुळे सातच्या डोक्यावर चौदा येतो. शंभराच्या सरळ तक्त्यात सातच्या उभ्या रांगेत सतरा, सत्तावीस, सदतीस येतात, दहाने उडी मारली की थेट वरच्या किंवा खालच्या घरात. फरशी पुन्हा रंगवायची वेळ येईल तेव्हा गुरुजींनी सापशिडी जरूर काढावी, पण शेजारी सरळ तक्ताही काढावा आणि एखादा डाव त्यावरही होऊ द्यावा.

मराठी मुलांना आकडे म्हणायला लावणं जास्त गरजेचं आहे, कारण आपल्या संख्यानामांचा घाट अवघड आहे. लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. बावन्न ऐकून पंचवीस लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. जून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' असं वाचनही दिलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, अडखळणाऱ्या मुलासाठी ही एक पायरी आहे. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या बाईंना मुलाचं कुठे अडतं हे ठाऊक होतं.

आता आपल्या मातीतल्या एका खेळाकडे यावं. चिंचोके फोडून, दगडावर घासून त्यांच्या चार फाका करायच्या. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरांचा चौकोन. चार बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या, त्या चौघांच्या घरच्या जागा, आणि मधोमध एक फुली. चल्लस-आठ म्हणा, अष्टचंगा म्हणा, गावोगाव नाव आणि नियम थोडे बदलतात. फाका उडवायच्या. जेवढ्या पांढऱ्या तेवढं दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही तपकिरी पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा उडवायला मिळतं. बाहेरच्या सोळा घरांची फेरी, मग आतल्या आठ घरांची, मग मधलं घर. आपल्या घरापासून मध्यापर्यंत चोवीस पावलं.

माझ्या मते आठवीपर्यंतचं बरंच गणित या खडूच्या चौकोनात आहे. लहानांसाठी बेरीज आणि पुढचा विचार. माझी सोंगटी फुलीपासून तीन घरं लांब आहे, पुढच्याची सोंगटी मारायला मला दोन हवेत, कुठली सोंगटी चालवू? मोठ्यांसाठी त्यापेक्षा गमतीचा प्रश्न. दोनचं दान एवढं वारंवार का पडतं आणि आठसाठी एवढी वाट का पाहावी लागते? चार फाका, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे सोळा प्रकार. ते एकेक करून मुलांना वहीत लिहायला लावावेत. एकच पांढरी येण्याचे चार प्रकार, दोन येण्याचे सहा, तीन येण्याचे चार, चारही पांढऱ्यांचा एक आणि एकही पांढरी नसण्याचा एक. मग शंभर वेळा फाका उडवून कोणतं दान किती वेळा पडलं त्याच्या खुणा करायच्या. आकडे हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत. का? कारण चिंचोक्याची फाक एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असते, दोन्ही बाजूंना पडायची तिची ओढ सारखी नसते. हा शोध मुलांनी स्वतः लावला की संभाव्यता नावाचा धडा दहावीत गेल्यावर परका वाटत नाही.

खड्यांच्या खेळाचंही असंच. पाच खडे, एक हवेत उडवून तो झेलण्याच्या आत खालचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही. चारची फोड मुलींच्या हातांना शतकानुशतकं येते आहे. मुलींचा खेळ म्हणून तो वर्गाबाहेर राहिला, याची मला खंत वाटते. एकोणिसाव्या शतकात औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा यांनी 'क्रीडाकौशल्य' हा ग्रंथ लिहून पट-सोंगट्यांसारख्या खेळांची नोंद केली. मराठवाड्यातल्या एका विद्वानाला ते लिहून ठेवण्याजोगं वाटलं, ही मोठी गोष्ट आहे. हे खेळ आजी-आजोबांच्या पिढीबरोबर जाण्याच्या आत शाळेने मागून घ्यायला हवेत.

पण नुसते खेळले की गणित येईल का? इथे एका अभ्यासाकडे डोळेझाक करता येणार नाही. एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि मोइरा डिलन यांच्या गटाने दिल्लीत 'प्रथम'च्या २१४ बालवाड्यांतल्या १५४० मुलांबरोबर हा प्रयोग केला. २०१७ मध्ये तो 'सायन्स'मध्ये आला. चार महिने मुलांना गणिती खेळ खेळायला दिले. कोणत्या बाजूला ठिपके जास्त, कोणती आकृती वेगळी, अशा तऱ्हेचे. मुलांना ते आवडले, आणि संख्येचा, आकाराचा अंदाज बांधण्याची त्यांची ताकद वाढली. ती वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती. खेळात आलेली समज आकड्यांच्या लिपीत उतरली नव्हती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मंडळींतल्या काहींचा दुसरा अभ्यास 'नेचर'मध्ये आला, आणि तो वाचताना मला आपल्या आठवडी बाजारात मायजवळ भाजीच्या पालावर बसणारी लेकरं दिसत होती. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांकडे जाऊन अभ्यासकांनी साधं गिऱ्हाईक बनून खरेदी केली. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, किती झाले? सोळा आणि एकवीस, सदतीस. बहुतेक मुलांनी असे हिशेब तोंडी, बिनचूक केले. त्याच मुलांपुढे कागदावर भागाकार ठेवला तर बहुतेक अडली. आणि बाजार न पाहिलेली शाळकरी मुलं कागदावर बरी होती, पण बाजाराच्या हिशेबात गडबडली. एकीकडची विद्या दुसरीकडे आपोआप जात नाही. दोन्ही बाजू सारख्याच अपुऱ्या राहतात.

आपल्याकडे शाळाशाळांतून आनंदनगरी भरते. मुलं भेळ, वडे, बोरं, भाजी विकतात, गावकरी विकत घेतात, सरपंच फीत कापतात, फोटो निघतात. सुंदर दिवस असतो तो. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं हे मी अलीकडे मुद्दाम विचारतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही, पुस्तकातला पुढचा धडा सुरू होतो. वास्तविक दुसरा दिवस हाच गणिताचा दिवस. किती भांडवल घातलं, तेल-पोहे कितीचे, प्लेट किती झाल्या, एक प्लेट कितीला पडली, किती राहिले, हे ज्याने विकलं त्याच्याच तोंडून काढून फळ्यावर लिहायचं. "तू वीसातून तेरा वजा कसे केलेस रे?" असं विचारलं तर मुलगा म्हणतो, "वजा कशाला करू सर, तेरावर सात दिले की वीस झालेच की." हे उत्तर जसंच्या तसं फळ्यावर मांडायचं. तेरा अधिक सात. मग त्याखाली वीस वजा तेरा. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी. कागदावरची वजाबाकी म्हणजे आपण काल केलं तेच, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिल्लीच्या खेळांत आणि कोलकात्याच्या बाजारात हाच दुवा सुटलेला होता.

काही खेळ असे असतात की त्यांच्यात कागद आतच असतो. त्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा. हायस्कूलचे शिक्षक, संख्यांचं वेड, १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर जग त्यांना ओळखू लागलं. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही केलं तरी ६१७४ च. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोचता.

चौथीच्या वर्गाला हा खेळ द्या आणि बघा. हातच्याच्या वजाबाकीची पाच गणितं घरून करून आणा म्हटलं तर लेकरं कुरकुरतात. इथे ती आपण होऊन सहा-सात करतात, आणि तपासायला प्रत्येक वेळी गुरुजी लागत नाहीत. सात वजाबाक्यांत ६१७४ आलं नाही म्हणजे मधे कुठेतरी हातचा चुकला, चला मागे. शून्य टाकून द्यायचं नाही, हा नियम पाळताना ०३७८ मधल्या शून्याची जागा का राखायची ते कळतं, आणि स्थानिक किंमत हा रुक्ष शब्द अर्थाला येतो. तिसरीसाठी तीन अंकी संख्या घ्यावी, तिथे मुक्काम ४९५ वर. मराठी माध्यमाच्या शाळेत कापरेकरांचं नाव माहीत नसलेलं एकही मूल असू नये, असं मला मनापासून वाटतं.

पाथरीचा सूर्यदास ज्यावर लिहीत होता त्या लीलावतीच्या शेवटच्या भागात, अंकपाशात, असाच आणखी एक खेळ आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. ती हातांत अदलून-बदलून किती रूपं होतील? चोवीस. केशवापासून सुरू होणारी विष्णूची चोवीस नावं आपल्या घराघरांत म्हटली जातात, ती याच चोवीस मांडण्यांची. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं असली तर छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. या चार आयुधांचे चार पत्ते देऊन पाचवीच्या मुलांना चोवीस मांडण्या शोधायला सांगितल्या तर आधी सगळी विस्कटून लिहितात, दोन-चार सुटतात, तीच तीच पुन्हा येतात. मग एखादी मुलगी म्हणते, पहिला शंखच ठेवू, मग बाकीचे तीन फिरवू. त्या क्षणी ती गणित करते आहे. तिला थांबवून "सगळ्यांना सांग बरं" म्हणणारं माणूस तिथे हवं.

ते माणूस म्हणजे शिक्षक, आणि त्याचा वेळ कुठे जातो हे सर्वांना ठाऊक आहे. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, एक जण ऑनलाइन माहिती भरण्यात किंवा निवडणुकीच्या यादीत. गणिताची पेटी कपाटात कुलूपबंद राहिली तर शिक्षकाला आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. मणी हरवले तर भरून कोण देणार, ही धास्ती त्याच्या मानगुटीवर असते. साहित्य झिजणं, हरवणं म्हणजे ते वापरलं गेलं, असं वरिष्ठांनी एकदा लेखी कळवावं. पेटी उघडी राहील. चिंचोके तर हरवले तरी चालतात, चिंचेखाली पुन्हा मिळतात.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात आजी-आजोबांजवळ राहतात, काही कोयत्याच्या मागे फडावर जातात. जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड मिळतं, त्याने दुसऱ्या गावच्या शाळेचं दार उघडतं. पण पाच महिन्यांनी परतलेलं लेकरू भाषेत जितकं मागे पडलेलं असतं त्याहून गणितात जास्त, कारण गणितात एक पायरी निखळली की वरच्या सगळ्या हलतात. या मुलांसाठी एवढं तरी व्हावं. निघण्याआधी प्रत्येकाच्या कार्डासोबत एक कागद जावा. हे मूल आत्ता कुठे आहे, दशक ओलांडून मोजतं का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार वाटणीने करतं की पाढ्याने, हे त्याच्या गुरुजींनी चार ओळींत लिहिलेलं. आणि दप्तरात चार चिंचोक्याच्या फाका, एक खडू, कापरेकरांची रीत लिहिलेली एक वही. फडावरच्या कोपीपुढे संध्याकाळी चल्लस-आठचा पट मांडता येतो. दानं वहीत लिहायची सवय इथल्या वर्गात आधी लागलेली असली तर ती तिथेही लिहिली जातील, आणि एप्रिलमध्ये परत आल्यावर गुरुजींना त्या वहीपासून सुरुवात करता येईल. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी तर रोज अर्ध्या तासाचा डाव आणि त्यानंतर दहा मिनिटांचं लिखाण ठरवून घेता येईल. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. खेळ आजी शिकवेल, लिहून घ्यायला गावातली बारावी झालेली एखादी ताई पुरेल, आणि तिला थोडं मानधन जिल्हा परिषदेने द्यावं.